श्वास मोजून घ्यावा

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा महिनाभराच्या रजेवर घरी आला होता. तो अंदमानात स्कूबा डायव्हिंग शिकवतो. पाण्याखालचे पहिले धडे त्याने आपल्याच तारकर्लीला गिरवले आणि मग तिकडे स्वराज द्वीपावर, म्हणजे २०१८ पर्यंत ज्याला आपण हॅवलॉक म्हणायचो तिथे नोकरीला लागला. पावसात तिकडचं काम मंदावतं, म्हणून ही रजा. आल्या आल्या त्याने बॅगेतून साबणाच्या डबीएवढा एक पिवळा डबा काढून आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला. मला वाटलं, नव्या पद्धतीचा ट्रान्झिस्टर असेल. बटण दाबायला हात पुढे केला तर म्हणाला, "मामू, हळू. त्याच्यावर माझा जीव अवलंबून आहे."

डब्याच्या छोट्या पडद्यावर आकडा होता २०.१. बाहेर मुसळधार पाऊस चालू होता. भाच्याने आकड्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि हसला. "बरोबर दाखवतोय," म्हणाला. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, एवढं शाळेत शिकलेलं माझ्या लक्षात होतं. मग २०.१ बरोबर कसा? या एका प्रश्नातून आमच्या दोन-तीन संध्याकाळी गेल्या. त्या गप्पांतून मला जे समजलं, ते आज आपल्याला सांगणार आहे. बोलताना आकडे कमी वापरावेत असं म्हणतात. पण या विषयातून आकडे काढून टाकले तर काही उरतच नाही, म्हणून थोडी सवलत द्या.

त्या डब्याचं नाव ऑक्सिजन ॲनालायझर. आपण त्याला प्राणवायुमापक म्हणू. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर वेगळा. तो बोटाला लावतात आणि तो रक्तातला ऑक्सिजन सांगतो. हा मापक सिलिंडरमधल्या हवेत ऑक्सिजन किती टक्के आहे ते सांगतो.

आता कुणी विचारेल, पाणबुड्याच्या पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजनच असतो ना, मग मोजायचं काय? हा आपल्या सगळ्यांचाच गैरसमज. त्या सिलिंडरमध्ये बहुतेक वेळा दाबून भरलेली साधी हवा असते. मालवणला किंवा गोव्याला पर्यटक म्हणून आपण घटकाभर पाण्यात उतरतो, तेव्हा हीच साधी हवा पुरते. मापकाची गरज लागते ती नायट्रॉक्स वापरणाऱ्यांना. नायट्रॉक्स म्हणजे ज्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण मुद्दाम वाढवलेलं आहे, अशी हवा. सहसा ३२ किंवा ३६ टक्के.

हे प्रमाण वाढवायचं कारण ऑक्सिजन नसून नायट्रोजन आहे. खोल पाण्यात दाबामुळे हवेतला नायट्रोजन रक्तात आणि शरीरात विरघळत जातो. माणूस फार वेळ खाली राहिला आणि भरकन वर आला, तर सोड्याची बाटली उघडल्यावर जे होतं, ते शरीरात होतं. बुडबुडे सुटतात, सांधे धरतात, कधी लकवा होतो. याला 'बेंड्स' म्हणतात. ऑक्सिजन वाढवला की तेवढा नायट्रोजन कमी होतो आणि खाली जास्त वेळ राहता येतं. १८ मीटर खोलीवर साध्या हवेने तासाभराच्या आत वर यावं लागतं. ३२ टक्क्यांच्या मिश्रणाने सुमारे दीड तास मिळतो. अमेरिकेच्या सागर व वातावरण प्रशासनाने, म्हणजे 'नोआ'ने, १९७०च्या दशकात आपल्या शास्त्रज्ञ-पाणबुड्यांसाठी ही पद्धत रुळवली. मॉर्गन वेल्स हे त्यामागचं प्रमुख नाव. त्यांचे सहकारी डिक रुटकोव्स्की यांनी १९८५ मध्ये ती हौशी पाणबुड्यांना शिकवायला सुरुवात केली.

पण ऑक्सिजनचीही एक बाजू आहे. पॉल बेर या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८७८ मध्येच दाखवून दिलं होतं, की दाबाखालचा ऑक्सिजन मज्जासंस्थेला विषासारखा बाधतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाचे डॉक्टर केनेथ डोनाल्ड यांनी यावर पुष्कळ प्रयोग केले. त्यांना आढळलं, की ही सहनशक्ती माणसागणिक वेगळी असते. एवढंच काय, एकाच माणसाची आज एक तर उद्या दुसरी असते. म्हणजे "मला काल काही झालं नाही" या वाक्याला इथे काहीही किंमत नाही.

हिशेब सोपा आहे. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. पाण्यावर १, दहा मीटरवर २, तीस मीटरवर ४. जॉन डाल्टनने १८०१ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे मिश्रणातला प्रत्येक वायू आपापल्या वाट्याचा दाब देतो. ३० मीटरवर ३२ टक्के ऑक्सिजनचा वाटा ४ गुणिले ०.३२, म्हणजे १.२८. हौशी पाणबुड्यांनी १.४ ही मर्यादा मानलेली आहे. १.६ च्या वर तर जायचंच नाही. म्हणून ३२ टक्क्यांच्या मिश्रणावर ३३ मीटर, ३६ टक्क्यांवर २८ मीटर आणि ४० टक्क्यांवर फक्त २५ मीटर. त्याखाली गेलं, की कधी ओठ फडफडतात, कानात आवाज येतो, नजर आक्रसते. कधी यांतलं काहीच होत नाही आणि थेट झटका येतो. जमिनीवर आलेला झटका ओसरतो. पाण्याखाली मात्र तोंडातलं रेग्युलेटर सुटतं आणि पुढचा श्वास पाण्याचा असतो.

ऑक्सिजनला रंग नाही, वास नाही, चव नाही. ३२ टक्के आणि ४० टक्के यांतला फरक कुठल्याही माणसाला नाकाने कळत नाही. तो फक्त या डब्याला कळतो.

आता तो २०.१ चा आकडा. या मापकात एक छोटा सेन्सर असतो, कॅमेऱ्याच्या जुन्या रिळाच्या डबीसारखा. आत शिशाचा एक आणि सहसा सोन्याचा मुलामा दिलेला दुसरा, असे दोन ध्रुव आणि मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं क्षारद्रव्य. तोंडावर टेफ्लॉनचा पातळ पडदा. पडद्यातून ऑक्सिजन झिरपतो, शिशाशी त्याची प्रक्रिया होते आणि वीज तयार होते, अगदी थोडी, काही मिलिव्होल्ट. जेवढा ऑक्सिजन तेवढी वीज. थोडक्यात, ही ऑक्सिजनवर चालणारी बॅटरीच आहे. पडद्यावरचा आकडा म्हणजे त्या विजेचं टक्क्यांत केलेलं भाषांतर.

पण सेन्सरला टक्के कळत नाहीत, त्याला कळतो ऑक्सिजनचा दाब. कोकणातल्या पावसात हवेत वाफ भरपूर असते. ती वाफ जागा अडवते, म्हणून ऑक्सिजनचा वाटा तेवढा घटतो. पावसाळ्यात हवेचा एकूण दाबही थोडा उतरलेला असतो. भाच्याने मापक निघण्यापूर्वी सिलिंडरमधल्या कोरड्या हवेवर लावून आणला होता. आमच्या घरातल्या ओलसर हवेत तो २०.१ वर आला, तर ते त्याच्या तब्येतीचं लक्षण होतं. हाच डबा महाबळेश्वरला नेला तर १८ च्या खाली दाखवेल. तिथल्या हवेतही ऑक्सिजन २०.९ टक्केच असतो, पण दाब कमी असतो.

म्हणून पहिला नियम असा, की जिथे मोजायचं तिथेच मापक लावून घ्यायचा. लावून घेणं म्हणजे ज्याचं प्रमाण माहीत आहे अशा वायूवर धरून आकडा २०.९ वर आणणं. मोकळ्या दमट हवेवर लावून घेण्यापेक्षा साधी हवा भरलेल्या सिलिंडरची कोरडी हवा वापरावी. दमट हवेवर २०.९ केलं, तर ३२ टक्क्यांचं मिश्रण ३३ च्या वर दिसतं. एखाद्या टक्क्याने काय होतं, असं वाटेल. पण जास्त दाखवणारा मापक माणसाला खाली जास्त वेळ ठेवतो आणि बेंड्सकडे नेतो. कमी दाखवणारा मापक त्याला जास्त खोल नेतो आणि झटक्याकडे नेतो. दोन्हीकडे दरीच आहे.

यानंतर भाच्याने मला एक प्रसंग सांगितला. केंद्र कुठलं ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या वेळी तो तिथे पाहुणा प्रशिक्षक म्हणून काही दिवस गेला होता. सकाळची वेळ, बोट सुटायच्या तयारीत. एक बाप आणि त्याची विशीतली मुलगी, दोघंही नायट्रॉक्सचं शिक्षण घेतलेले. जायचं होतं ३२ मीटरवर. सिलिंडरवर चिठ्ठी होती, ३२ टक्के. चिठ्ठीवर मोजणाऱ्याची सही होती, तारीख होती. मुलगी म्हणाली, "सर, आम्हाला शिकवलंय की आपला सिलिंडर आपणच मोजायचा." भरणारा जुना, अनुभवी माणूस होता. तो म्हणाला, "बेटा, काल संध्याकाळी मीच मोजलाय." बोटीवरून हाका चालू होत्या. भाच्याने आपला मापक काढून तिच्या हातात दिला.

आकडा आला ३९.४.

भाच्याने मापक साध्या हवेवर पुन्हा लावून घेतला, पुन्हा मोजलं. ३९.४. केंद्राचा मापक आणून लावला, तर ३२. आता दोघांतला खोटा कोण? दोन्ही मापक साध्या हवेवर चोख २०.९ दाखवत होते. भाच्याने बोटीवरचा प्रथमोपचाराचा ऑक्सिजन मागवला. तो शुद्ध असतो, म्हणजे आकडा शंभराच्या आसपास यायला हवा. भाच्याचा मापक ९९ वर गेला. केंद्राचा पन्नाशी गाठून तिथेच थांबला.

त्याचा सेन्सर संपत आला होता. आतलं शिसं ऑक्सिजनशी प्रक्रिया होता होता संपतं. म्हातारा सेन्सर थोड्या ऑक्सिजनला पुरी वीज देतो, पण जास्त ऑक्सिजन आला की त्याला ते ओझं पेलत नाही. साध्या हवेवर तो तरुणासारखा उभा राहतो, चढ आला की बसतो. आणि त्या केंद्रात मिश्रण करायची पद्धत अशी होती, की कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन सोडत राहायचं आणि मापकावर ३२ आलं की तिथे स्थिर ठेवायचं. मापक कमी दाखवत होता, म्हणून तो माणूस जास्त ऑक्सिजन सोडत होता. तो खोटं बोलला नव्हता. त्याने खरंच मोजलं होतं आणि त्याला खरंच ३२ दिसलं होतं.

३२ मीटरवर दाब ४.२. त्याला ०.३९४ ने गुणलं तर १.६५ होतात. त्या सकाळी बोट दीड तास उशिरा निघाली, साध्या हवेचे सिलिंडर घेऊन. आदल्या संध्याकाळी भरलेले सगळे सिलिंडर बाजूला काढले. कुणाला काही झालं नाही, म्हणून ही बातमी कुठे छापून आली नाही. तो जुना माणूस बराच वेळ एका बाजूला बसून होता, असं भाचा म्हणाला. मग उठून त्या मुलीजवळ गेला आणि तिला हात जोडले.

हे ऐकल्यावर मी भाच्याला विचारलं, की असा मापक घ्यायचा आणि सांभाळायचा कसा, ते मला नीट सांग. त्याने सांगितलेलं थोडक्यात असं.

घेताना आधी सेन्सर बघावा, डबा नंतर. डबा वर्षानुवर्षं टिकतो, सेन्सर दोन-तीन वर्षांचा सोबती. म्हणून त्यात बसणारा सेन्सर आपल्याकडे सहज मिळतो का, त्याची जोडणी कुठल्या प्रकारची आहे, तो आपला आपल्याला बदलता येतो का, हे विचारावं. सेन्सरवर बनवल्याची तारीख असते. ती वाचावी. दुकानात पडून राहिलेला सेन्सरही झिजत असतो, कारण हवा तिथेही असते. स्वस्तात मिळालेला जुना माल इथे महाग पडतो.

आकडा दशांशापर्यंत दिसावा आणि उन्हात वाचता यावा. बॅटरी साधी, कुठल्याही दुकानात मिळणारी असावी. वायू सेन्सरपर्यंत ठरावीक वेगाने नेणारी नळी किंवा टोपी सोबत असावी, आणि हा वेग उत्पादकाने सांगितला असेल तोच ठेवावा. सहसा तो मिनिटाला एक-दोन लिटर असतो. वेग जास्त झाला तर सेन्सरवर दाब येऊन आकडा फुगतो. वेग फार कमी झाला तर बाहेरची हवा आत शिरते आणि आकडा उतरतो. हे उतरणं अधिक धोक्याचं. आणि ज्या वेगावर मापक लावून घेतला, त्याच वेगावर मोजायचं.

मापक एसीच्या खोलीतून उन्हात आणला की लगेच मोजू नये. पंधरा-वीस मिनिटं त्याला तिथल्या हवेची सवय होऊ द्यावी. सिलिंडरचा झडप हळू उघडावा, तोंड बाजूला ठेवून. धूळ-पाणी उडून जाऊ द्यावं आणि मगच मापक लावावा. पडद्यावर पाण्याचा थेंब बसला तर ऑक्सिजन आत पोचत नाही आणि आकडा कमी दिसतो. आकडा स्थिर होईपर्यंत थांबावं. मग चिठ्ठीवर टक्के, कमाल खोली, तारीख आणि आपलं नाव लिहावं. ज्याच्या पाठीवर सिलिंडर जाणार, त्याने स्वतः मोजावं. हा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत जास्त मोडला जाणारा नियम.

महिन्यातून एकदा तरी शुद्ध ऑक्सिजनवर परीक्षा घ्यावी. मिलिव्होल्ट दाखवणारा मापक असेल तर हिशेब सोपा. साध्या हवेत १० मिलिव्होल्ट असतील, तर शुद्ध ऑक्सिजनवर सुमारे ४८ यायला हवेत. ४० वर अडकला तर सेन्सर बदलायचा. तो बंद पडायची वाट बघायची नाही. तारीख आली की तो चालत असला तरी काढायचा.

ठेवताना कोरड्या, सावलीच्या जागी ठेवावा. गाडीच्या काचेआड ठेवू नये, गोठू देऊ नये. काम झाल्यावर नळीत ऑक्सिजन कोंडून ठेवला तर सेन्सर उगाच झिजत राहतो. खाऱ्या हवेत जोडणीच्या पिना हिरव्या पडतात, त्या पुसून ठेवाव्यात, पण तेल किंवा ग्रीस लावू नये. भरपूर ऑक्सिजनजवळ तेल म्हणजे आगीला आमंत्रण. सेन्सर गळू लागला तर आतल्या द्रवाने कातडी भाजते. लागला तर भरपूर पाण्याने धुवावं. आणि त्यात शिसं असतं, म्हणून तो समुद्रात किंवा उकिरड्यावर न टाकता ई-कचऱ्यात द्यावा. ज्या समुद्रावर पोट भरतं त्यातच शिसं कसं टाकायचं?

एक गोष्ट त्याने दोनदा सांगितली. हा मापक फक्त ऑक्सिजन सांगतो. कॉम्प्रेसरजवळ गाडीचा किंवा जनरेटरचा धूर आत ओढला गेला, तर सिलिंडरमध्ये कार्बन मोनॉक्साइड शिरतो. तोही बिनवासाचा आणि जीवघेणा. त्याचा मापक वेगळा. काही उपकरणं दोन्ही मोजतात. पण ऑक्सिजनचा आकडा बरोबर आला म्हणजे हवा शुद्ध आहे, असं समजू नये.

ऑक्सिजन मोजायचे दुसरेही मार्ग आहेत. १९४० मध्ये अमेरिकेत लायनस पाउलिंग यांनी ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो या गुणावर चालणारा मापक तयार केला होता, तो पाणबुड्यांमधली आणि विमानांमधली हवा तपासण्यासाठी. पुढे वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या काचेच्या पेटीतला ऑक्सिजन मोजायलाही तो कामाला आला. आता बिनशिशाचे आणि प्रकाशावर चालणारे सेन्सरही निघाले आहेत. उद्या हा पिवळा डबा जुना होईल. मोजायची सवय मात्र जुनी होऊन चालणार नाही.

भाचा परत जायला निघाला, तेव्हा माझ्या बहिणीने त्याच्या बॅगेत सुकट, कोकमं आणि तांदळाच्या भाकऱ्या भरल्या. त्याने सगळ्यांच्या वर तो डबा ठेवला. मी म्हणालो, "अरे, त्याचा सेन्सर अजून नवा आहे ना?" त्याने उलटा करून तारीख दाखवली. त्याच्या हस्ताक्षरात खाली आणखी एक तारीख लिहिली होती, बदलायची. ती दोन महिन्यांवर आली होती.

"विसरशील," मी म्हणालो.

"म्हणून तर आईला सांगून ठेवलंय," तो म्हणाला.

दोन महिन्यांनी बहिणीचा मला फोन आला. तिला सेन्सर म्हणजे काय ते माहीत नाही, नायट्रॉक्स हा शब्द उच्चारता येत नाही. पण तिने मुलाला फोन करून विचारलं होतं, "बदललास का रे ते?" आणि त्याचं "हो" ऐकूनच तिने फोन ठेवला होता.